जाळी किती बारीक? शहरातला वारा आणि उष्णता मोजणाऱ्या खणांची गोष्ट

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत, म्हणून ऐकून झाल्यावर हा मजकूर एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही. बोलण्यातली वळणं तशीच ठेवली आहेत.

मे महिन्यातली दुपार. पुण्यात लक्ष्मी रोडवर तुम्ही उभे आहात आणि फोन सांगतोय, ३९ अंश. तुम्ही वळून एका जुन्या बोळात शिरता. तिथे सावली आहे, कुठून तरी झुळूक येते, जिवाला बरं वाटतं. बोळ संपतो आणि समोर काचेची इमारत, तिच्यापुढे डांबरी पार्किंग. तिथे पाऊल ठेवलं की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. फोन अजून ३९ वरच अडलाय. तो खोटं बोलतोय का? नाही. त्याला एवढं बारीक दिसतच नाही.

मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. ती पुण्यातच तयार झाली, पाषाणच्या आयआयटीएममध्ये. तिचा खण ६ किलोमीटरचा आहे. आधी तो १२ किलोमीटरचा होता. खण म्हणजे काय? हवा अखंड असते, पण कॉम्प्युटरला अखंड काही कळत नाही. म्हणून हवेचे डबे पाडायचे आणि प्रत्येक डब्याला एक तापमान, एक दाब, एक वारा द्यायचा. इंजिनिअर मंडळी या सगळ्या जाळ्याला मेश म्हणतात आणि एका डब्याला सेल. आपण जाळी आणि खण म्हणू. ६ किलोमीटरच्या एका खणात शनिवारवाडा, मंडई, स्वारगेट, पर्वती सगळं मावू शकतं. बोळ आणि पार्किंग त्यात वेगळे कसे दिसणार?

मग खण १ मीटरचा का करत नाहीत? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आणि तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा उत्तर पैशांत दिलं गेलं होतं, तेही पेनीच्या हिशेबात.

लुईस फ्राय रिचर्डसन हा न्यूकॅसलचा माणूस, जन्म १८८१. तरुणपणी तो एका पीट कंपनीत होता. पीट म्हणजे दलदलीतली ती जळाऊ माती. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तिच्यात चर कसे खणायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. समीकरण होतं, पण ते कागदावर नीट सुटत नव्हतं. म्हणून त्याने जमिनीचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनावर साधी बेरीज-वजाबाकी करत उत्तराकडे सरकायला सुरुवात केली. पुढे हीच युक्ती त्याने दगडी धरणातल्या ताणांना लावली. १९१० मध्ये त्याने तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला.

त्या निबंधातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मजुरीचा दर. आकडेमोड करायला त्याने मुलं ठेवली होती. दर काय? संख्या जितकी आकडी, त्याला १८ ने भागायचं, तेवढे पेनी दर बिंदूमागे. म्हणजे तीन आकडी संख्या असेल तर पेनीचा सहावा हिस्सा. चपळ मुलगा आठवड्याला अशा सुमारे २००० क्रिया करायचा. चुकलेल्या धरत नसत! जाळी बारीक केली की बिंदू वाढणार, बिंदू वाढले की मजुरी वाढणार. जाळीचं बिल इतक्या उघडपणे क्वचितच कुणी मांडलं असेल.

पुढे हा माणूस हवामानाकडे वळला. तो क्वेकर होता, युद्ध त्याला मान्य नव्हतं. १९१६ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यातली नोकरी सोडून तो फ्रान्सच्या आघाडीवर जखमींच्या गाड्या चालवायला गेला, आणि तिथे फावल्या वेळात हाताने हवामानाचा अंदाज काढत बसला. टेबल म्हणून गवताचा ढीग. २० मे १९१० या दिवसाची जुनी निरीक्षणं घेऊन, सहा तासांत म्युनिकजवळ दाब किती बदलला हे त्याला काढायचं होतं. खण साधारण २०० किलोमीटरचे, उभे थर पाच. गणिताला सहा आठवडे लागले. मधेच हस्तलिखित हरवलं, ते काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं.

आणि उत्तर? दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढणार. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. गंमत म्हणजे १९२२ मध्ये पुस्तक काढताना त्याने हे फसलेलं गणित लपवलं नाही, जसंच्या तसं छापलं.

इथे एक गैरसमज दूर करू. खण मोठे होते म्हणून त्याचं गणित फसलं, असं नाही. सुरुवातीचे वारे आणि दाब एकमेकांशी जुळत नव्हते, हा खरा घोटाळा. पुढे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाने तेच आकडे आधी गुळगुळीत करून त्याच पद्धतीत घातले, तर उत्तर अगदी ठीकठाक आलं. जाळी बारीक केली की सगळं सुटेल ही समजूत पहिल्याच अंदाजाच्या वेळी खोटी ठरली होती. तरी ती अजून गेलेली नाही.

रिचर्डसनने आपल्याला अजून एक चीज दिली. ती समजायला फोनचा कॅल्क्युलेटर काढा. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट, हे काढायचंय. वर्तुळाच्या आत सहा बाजूंची आकृती काढली तर उत्तर येतं ३. बारा बाजूंची काढली तर ३.१०५८. बाजू दुप्पट केल्या की चूक साधारण चौपटीने घटते, हे माहीत असेल तर चोवीस, अठ्ठेचाळीस करत बसायची गरज नाही. दोन उत्तरांतला फरक ०.१०५८. त्याचा तिसरा हिस्सा ०.०३५३. तो दुसऱ्या उत्तरात मिळवा. ३.१४११! खरं उत्तर ३.१४१६. दोन ढोबळ जाळ्यांवर गणित केलं आणि जी बारीक जाळी काढलीच नाही तिच्या उत्तराजवळ पोचलो. ही युक्ती १९१० च्या निबंधात होती आणि १९२७ मध्ये त्याने ती सविस्तर मांडली. आज तिला रिचर्डसनचंच नाव आहे.

आता १९२८. जर्मनीतलं ग्योटिंगन. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघा गणितज्ञांनी एक अट सिद्ध केली. सोप्या भाषेत सांगायचं तर, गणितात काळ टप्प्याटप्प्याने पुढे ढकलताना एका टप्प्यात हवा एका खणापेक्षा जास्त पळता कामा नये. नाहीतर गणित भडकतं. वारा सेकंदाला ५ मीटर आणि खण ५ मीटरचा असेल तर टप्पा १ सेकंदाचा, तासाभराच्या वाऱ्याला ३६०० टप्पे. खण १ मीटरचा केला की टप्पा ०.२ सेकंद, टप्पे १८,०००.

आता दोन्ही बिलं जोडा. खणाची बाजू निम्मी केली तर लांबी, रुंदी, उंची मिळून खण आठपट झाले. टप्पे दुप्पट झाले. एकूण काम सोळापट. पुन्हा निम्मी केली तर २५६ पट. म्हणूनच १९५० मध्ये चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिअ‍ॅक या अवाढव्य मशीनवर पहिला संगणकी अंदाज काढला, तेव्हा त्यांचे खण सुमारे ७०० किलोमीटरचे होते. रिचर्डसनपेक्षाही ढोबळ! आणि २४ तासांच्या अंदाजाला जवळजवळ २४ तासच लागले. वारा आणि मशीन बरोबरीने धावत होते.

हे सगळं आभाळाचं झालं. शहर या गोष्टीत कसं आलं, ते बघू.

१ नोव्हेंबर १९६५, इंग्लंडमधलं फेरीब्रिज. वीज केंद्राचे आठ कूलिंग टॉवर, प्रत्येक ११४ मीटर उंच. त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता, आणि एकामागून एक तीन टॉवर कोसळले. कोणते? वाऱ्याला थेट तोंड देणारे नव्हे, त्यांच्या आडोशाला असलेल्या मागच्या रांगेतले. डिझाइन करताना वाऱ्याचा दाब एकट्या टॉवरचा धरला होता. पण पुढच्या दोन टॉवरमधून घुसलेला वारा जोर आणि भोवरे घेऊन मागच्यावर आदळला. शिवाय गणितात वाऱ्याची मिनिटभराची सरासरी घेतली होती. झोत मात्र काही सेकंदांचा असतो.

यानंतर इमारत एकटी तपासून चालणार नाही, शेजारपाजार सकट तपासली पाहिजे, हे कुणाला नाकारता येईना. विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्याने वारा सोडलेल्या बोगद्यात, छोट्या प्रतिकृतींचं अख्खं गाव मांडायची पद्धत रुळली. कॉम्प्युटरवर तेच करायचं तर शेजाऱ्यांनाही खण द्यावे लागणार. आणि सोळापटीचं बिल समोर उभं.

याच सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आपला एक माणूस पोचला होता. सुहास पाटणकर. जन्म पुण्याचा, १९४१. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ ला पदवी, मग आयआयटी मुंबई, मग ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली १९६७ ला पीएचडी. १९७२ मध्ये या गुरु-शिष्यांनी जी पद्धत मांडली तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांनी शब्द बनतो ‘सिम्पल’. आधी दाबाचा अंदाज घ्यायचा, त्यावरून वारा काढायचा, खणात आलेली हवा आणि गेलेली हवा जुळते का बघायचं, जुळत नसेल तर दाब दुरुस्त करायचा, पुन्हा फिरायचं. वारा मिनिटामिनिटाला कसा बदलला हे नको असेल, फक्त स्थिरावलेलं चित्र हवं असेल, तर ग्योटिंगनच्या त्या अटीला यातून चक्क वळसा घालता येतो. आज जगभर फुकट वापरलं जाणारं ओपनफोम उघडा. वाऱ्यासाठी बहुतेक जण पहिल्यांदा जो प्रोग्राम चालवतात त्याच्या नावातच ‘सिम्पल’ आहे.

पण मला पाटणकरांचं १९८० चं पुस्तक जास्त मोठं वाटतं. त्यांचा आग्रह असा, की जाळी कमालीची बारीक केली तर कुठलीही पद्धत बरं उत्तर देईल, त्यात कौतुक कसलं? जाळी ढोबळ असतानाही उत्तर वेडंवाकडं येता कामा नये. भिंती ४० अंश आणि हवा ३० अंश असेल तर मधे कुठे ४५ निघायला नको. आणि एका खणातून जितकी उष्णता बाहेर पडली तितकीच शेजारच्या खणात शिरली पाहिजे, वाटेत एक कणही गळायला नको. वाण्याच्या वहीसारखं. वही दहा पानांची असो की हजार पानांची, जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत.

याच पुस्तकात एक इशाराही आहे, जो उष्णतेच्या बाबतीत फार महत्त्वाचा. वारा जाळीला तिरका वाहत असेल आणि खण मोठे असतील, तर गरम हवेचा पट्टा गणितात आपोआप पसरट होतो, खऱ्या शहरात तसा होत नसला तरी. खोटा पसारा. म्हणजे पार्किंगवरची भट्टी शेजारच्या बोळातही थोडी थोडी सांडते आणि दोघांचं तापमान एकसारखं दिसायला लागतं. यावर एक उपाय खण बारीक करणं. दुसरा, पुष्कळदा स्वस्त उपाय म्हणजे जाळीच वाऱ्याच्या आणि रस्त्यांच्या दिशेने वळवून घेणं. खण तेवढेच, उत्तर मात्र सुधारतं.

आता टोकियो. १९६८ मध्ये तिथे १४७ मीटरची कासुमिगासेकी इमारत उभी राहिली आणि गगनचुंबी इमारतींचं युग सुरू झालं. उंच इमारती वरचा वारा खाली फुटपाथवर आणतात. छत्र्या उलट्या होतात, म्हातारी माणसं पडतात. जपानी भाषेत या वाऱ्याला वेगळं नावच आहे, ‘बिरुकाझे’, म्हणजे बिल्डिंगचा वारा. १९८० च्या दशकात टोकियो विद्यापीठात शुझो मुराकामी आणि त्यांचे सहकारी एका साध्या ठोकळ्याभोवतीचा वारा कॉम्प्युटरवर काढून विंड टनेलशी ताडून पाहत होते. आणि एक विचित्र गोष्ट दिसत होती. ठोकळ्याच्या छपरावर खरा वारा उलटा फिरतो. तेव्हाचं सगळ्यात लोकप्रिय के-एप्सिलॉन मॉडेल तो दाखवतच नव्हतं. वारा भिंतीवर आदळतो तिथे ते मॉडेल नको इतकी खळबळ निर्माण करायचं, आणि त्या खळबळीत छपरावरचा भोवरा पुसला जायचा. हा दोष मॉडेलचा होता. खण कितीही बारीक करा, तो जाईना. रिचर्डसनचे १४५ मिलिबार आठवले ना?

पुढे मॉडेलं सुधारली, मशीनं वाढली आणि अनुभवातून नियमावल्या तयार झाल्या. २००७ मध्ये युरोपची, २००८ मध्ये जपानच्या आर्किटेक्चरल इन्स्टिट्यूटची. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात उपयोगी लिखाण हेच, जरी ते वाचायला अत्यंत रुक्ष आहे. इमारतीच्या एका बाजूला निदान दहा खण. शेजारचे खण एकदम मोठे होऊ द्यायचे नाहीत, १.३ पटीच्या आत. आणि माणसाच्या उंचीवरचा वारा हवा असेल तर ती उंची जमिनीपासून तिसऱ्या किंवा त्यावरच्या खणात यायला हवी, कारण जमिनीला चिकटलेल्या खणावर फार भरवसा ठेवता येत नाही.

याचा हिशेब करून बघू. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरची वस्ती, दहामजली इमारती, वर २०० मीटरपर्यंतची हवा. सगळीकडे आडवे खण १ मीटरचे आणि थर अर्ध्या मीटरचे ठेवले, तर ४०० थर, प्रत्येकात १० लाख खण. एकूण ४० कोटी.

आता शहाणपणाने करू. सगळ्यात खालचा थर अर्ध्या मीटरचा, त्यावरचा प्रत्येक थर १.२ पट जाड. ०.५, मग ०.६, मग ०.७२. तिसरा थर १.१ मीटरपासून १.८२ मीटरपर्यंत. म्हणजे बरोबर तुमच्या चेहऱ्याची उंची! आणि २०० मीटर गाठायला थर लागतात फक्त पंचवीसेक. आडव्या बाजूने, ज्या चौकाचा अभ्यास करायचाय त्याच्या २०० बाय २०० मीटरमध्ये खण १ मीटरचे, लांब गेल्यावर ५ मीटरचे. मधल्या पायऱ्या धरून सगळे मिळून २० ते २५ लाख. छपरांच्या कडांना पुन्हा थोडी बारीक जाळी लागेल, धरा ३० लाख. ४० कोटींवरून ३० लाखांवर! पहिल्याला सुपरकॉम्प्युटर, दुसरं एखाद्या दणकट डेस्कटॉपवर रात्रभर लावून ठेवता येतं.

हे झालं वाऱ्याचं. उष्णतेचा प्रश्न ऐरणीवर आणला तो २००३ च्या युरोपातल्या उन्हाळ्याने. त्या वर्षी तिथे नेहमीपेक्षा सुमारे ७०,००० जास्त माणसं मेली. त्यात वृद्धांची संख्या मोठी होती. फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं की छपराला लागून झोपायची खोली असलेल्यांना धोका जास्त होता. शहराची सरासरी सांगून त्या खोलीतल्या माणसाचं काय भलं होणार? तिथे मजल्यामजल्याचा, गल्लीगल्लीचा हिशेब लागतो.

आणि उष्णतेचं बिल वाऱ्यापेक्षा वाईट. वाऱ्याचा खण फक्त शेजारच्या खणांशी बोलतो. पण तापलेली भिंत समोरच्या भिंतीला, रस्त्याला, गॅलरीला, दिसेल त्या प्रत्येक पृष्ठभागाला उष्णता फेकते. १० लाख तुकडे असतील तर जोड्या एक लाख कोटी. खणाची बाजू निम्मी केली की तुकडे चौपट, जोड्या सोळापट. म्हणून किरणांच्या हिशेबाला वेगळी, ढोबळ जाळी वापरायची पद्धत पडली. वारा बारीक तुकड्यांवर काढायचा, तेच तुकडे गठ्ठ्यांत बांधून किरण गठ्ठ्यांवर मोजायचे.

ताकद असेल तर लोक उलट टोकालाही जातात. योकोहामाच्या अर्थ सिम्युलेटरवर जपानी संशोधकांनी टोकियोचा ३३ बाय ३३ किलोमीटरचा भाग ५ मीटरच्या खणांत मांडला. एका थरात साडेचार कोटींच्या आसपास खण, एकूण सुमारे ५ अब्ज. समुद्रावरची गार हवा शहरात कुठून शिरते आणि किनाऱ्यावरचे टॉवर तिला कुठे अडवतात, हे त्यांना बघायचं होतं. जर्मनांनी मधला रस्ता घेतला. हॅनोव्हरच्या विद्यापीठात वाढलेल्या पाम या मॉडेलमध्ये जाळीच्या आत जाळी बसवता येते. बाहेर बर्लिन १० मीटरच्या खणांत, आत एखादी वस्ती १ मीटरच्या खणांत.

पाषाणच्या ६ किलोमीटरपासून लक्ष्मी रोडवरच्या त्या बोळापर्यंत पोचायचं तर असंच एकात एक जाळी बसवत खाली उतरावं लागेल. प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न येणार: आता पुरे का? जपानी नियमावलीचं उत्तर असं, की प्रत्येक बाजूला निदान दीडपट खण घालून गणित पुन्हा करा आणि उत्तर हलतं का ते पाहा. किती हललं हे मोजायचं माप पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये ठरवून दिलं, आणि ते रिचर्डसनच्या त्या दोन जाळ्यांच्या युक्तीवरच उभं आहे.

मजुरीचा दर तेवढा बदललाय. आता क्लाउडवर प्रोसेसर तासाने भाड्याने मिळतो, आणि चुकलेल्या गणिताचंही बिल येतं.